पालेभाजीचे पाणी आणि पानातील सत्त्व

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर लोणी काळभोर हे गाव लागते. पहाटेच्या वेळी या रस्त्याने मांजरीच्या उपबाजाराकडे आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या टेम्पोंत मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, चुका, माठ यांच्या जुड्या रचलेल्या असतात. बाजारात या जुडीचा भाव शेकड्यावर ठरतो. जुडी मोठी, पान रुंद आणि रंग हिरवागार असला की गिऱ्हाईक खूश होते. शेतकऱ्याची सारी मेहनत साहजिकच पान रुंद आणि टवटवीत दिसावे यासाठी खर्च होते. यासाठी त्याच्या हाताशी असलेले सर्वांत सोपे साधन म्हणजे पाणी.

परंतु ज्या कारणासाठी आपण पालेभाजी खातो, ते कारण डोळ्यांना दिसत नाही. जीवनसत्त्वे, लोह, कॅरोटिन आणि शरीराच्या पेशींचे रक्षण करणारी अनेक वनस्पतिजन्य द्रव्ये पानात किती आहेत, हे जुडीकडे पाहून कळत नाही. भरपूर पाण्यावर वाढलेले मोठे पान आणि बेताच्या पाण्यावर वाढलेले थोडे लहान पान यांत सत्त्व कोणात अधिक, या प्रश्नाचा विचार शेतकऱ्याने, शिक्षकाने आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यानेही करणे अगत्याचे झाले आहे. प्रस्तुत लेखात त्याची चर्चा केली आहे.

पाण्याने घडविलेला परिसर

लोणी काळभोरच्या शेतीचा इतिहास हा पाण्याचा इतिहास होय. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीत धुवाधार पाऊस पडतो. पूर्वेकडे यावे तसे पर्जन्यमान झपाट्याने घटते. हवेली तालुक्याचा पूर्व भाग, दौंड आणि इंदापूर हे तालुके या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतात. १८६९ साली खडकवासला येथे मुठा नदीवर धरणाचे काम सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षांनी ते पूर्ण झाले. त्यातून निघालेल्या उजव्या कालव्याने या कोरड्या मुलखात पाणी आणले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले आणि सुमारे २०२ किलोमीटर लांबीचा नवा मुठा उजवा कालवा हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत या मार्गाने इंदापूरपर्यंत गेला.

कालव्याचे पाणी, मुळा-मुठा नदीचा काठ, विहिरी आणि जवळच पुण्यासारखी बाजारपेठ असा चौपदरी लाभ या गावांना मिळाला. ऊस हे येथील मोठे पीक. तथापि तीस-चाळीस दिवसांत पैसा हाती देणारी पालेभाजी हाच लहान शेतकऱ्याचा खरा आधार राहिला. अशा ठिकाणी पाणी कसे द्यावे हा प्रश्न उत्पन्नाशी निगडित आहे, तसाच तो पुणे शहरातील लक्षावधी कुटुंबांच्या ताटाशीही निगडित आहे.

पानात असते तरी काय?

पालेभाजीच्या पानात वजनाने ८५ ते ९२ टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात तंतू, प्रथिने, खनिजे, जीवनसत्त्वे आणि रंगद्रव्ये असतात. पानातील कॅरोटिनापासून शरीर जीवनसत्त्व 'अ' तयार करते. जीवनसत्त्व 'क' हे अन्नातील लोह शोषून घेण्यास साह्य करते. याशिवाय पॉलिफेनॉल आणि फ्लॅव्होनॉइड या नावांनी ओळखली जाणारी द्रव्ये असतात. वनस्पती ती स्वतःच्या संरक्षणासाठी तयार करते. मेथीचा कडवटपणा, शेपूचा वास, तांबड्या माठाचा रंग हे सारे अशाच निरनिराळ्या संरक्षक द्रव्यांचे दृश्य रूप आहे. ही द्रव्ये औषध नव्हेत. त्यांनी अमुक रोग बरा होतो असे सांगणे चुकीचे ठरेल. मात्र त्यांचा समावेश असलेला भाजीपालायुक्त आहार आरोग्यास हितकारक असतो, याविषयी आहारतज्ज्ञांत एकमत आहे.

पाने आणि रक्त यांच्या नात्याचा एक महत्त्वाचा धागा मुंबईत सापडला, हे येथे नमूद करावेसे वाटते. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज महिला वैद्यकशास्त्रज्ञ मुंबईत आल्या आणि गरोदर स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. हा विकार गरीब, निकस आहारावर जगणाऱ्या गिरणी कामगार स्त्रियांत विशेष आढळत असे. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे १९४१ साली अमेरिकेत तब्बल चार टन पालकापासून वेगळा काढण्यात आला. लॅटिन भाषेतील 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'फॉलिक आम्ल' हे नाव मिळाले. आज गरोदर मातेला लोहाबरोबर ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांत हेच फॉलिक आम्ल असते.

ही हकीकत आठवण्याचे कारण असे की, रक्तक्षय अद्याप हटलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या आहारात २५० ग्रॅम धान्यासोबत ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे सुचविले आहे. आपल्या घरांत भाजीचे प्रमाण याहून पुष्कळ कमी असते. तेव्हा जी काही मूठभर भाजी पानात पडते, ती तरी सकस असावी, ही अपेक्षा वाजवी म्हटली पाहिजे.

पाणी कमी पडले की पानात काय घडते?

जमिनीतील ओल कमी होऊ लागली की त्याची पहिली जाणीव मुळांना होते. मुळे व पाने ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार करतात. त्याच्या संकेताने पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रे मिटू लागतात. पाण्याची वाफ होऊन जाणे त्यामुळे थांबते. परंतु त्याच दारांनी आत येणारा कर्बवायूही कमी होतो. इकडे सूर्यप्रकाश मात्र पानावर पूर्वीइतकाच पडत असतो. प्रकाशाची ऊर्जा वापरली न गेल्याने पानात ऑक्सिजनची काही अतिशय क्रियाशील व दाहक रूपे निर्माण होतात आणि ती पेशींना इजा करू लागतात.

या संकटातून वाचण्यासाठी वनस्पती आपले संरक्षक दल उभे करते. जीवनसत्त्व 'क', कॅरोटिन वर्गातील रंगद्रव्ये, पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड ही द्रव्ये त्या दाहक ऑक्सिजनला निष्प्रभ करतात. यांनाच आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो. वनस्पतीने स्वतःसाठी केलेली ही तजवीज आपल्या ताटात आली की आपल्याही उपयोगी पडते.

दुसरे कारण अधिक साधे आहे. पाणी भरपूर मिळाले की पेशी फुगतात, पान झपाट्याने पसरते आणि त्याचे वजन वाढते. परंतु त्या वेगाने सत्त्वद्रव्ये तयार होत नाहीत. आमटीत ऐनवेळी पाणी वाढवले की वाट्या अधिक भरतात, पण डाळ तेवढीच राहते. तसाच हा प्रकार होय. याउलट पाणी बेताचे असेल तर पान लहान, जाडसर आणि घट्ट राहते व शंभर ग्रॅम पानात शुष्क भाग अधिक येतो. पावसाळी कोथिंबिरीपेक्षा हिवाळ्यातील, बेताच्या पाण्यावरील कोथिंबिरीचा वास अधिक घमघमतो, असा जो गृहिणींचा अनुभव आहे, त्याचा उलगडा बऱ्याच अंशी या दोन कारणांनी होतो.

संशोधन काय सांगते?

तांबडा माठ ही आपल्या घराघरांतील भाजी. बांगलादेशातील उमाकांत सरकार आणि जपानच्या गिफू विद्यापीठातील शिन्या ओबा या शास्त्रज्ञांनी माठाच्या निवडक वाणांना जमिनीतील ओलीच्या चार निरनिराळ्या पातळ्यांवर वाढविले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पाण्याचा ताण वाढत गेला तसे पानातील जीवनसत्त्व 'क', पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड आणि एकूण अँटिऑक्सिडंट शक्ती यांचे प्रमाण वाढत गेले. मात्र याच संशोधकांच्या दुसऱ्या अभ्यासात असेही दिसले की, ताण वाढताच रोपाचे एकूण वजन घटते आणि पानातील हरितद्रव्य कमी होते. म्हणजे लाभ आणि हानी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात.

अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग लेट्यूस या सॅलडच्या पानांवरचा होता. तेथे रोपांचे पाणी काही काळ थांबवून नियंत्रित ताण देण्यात आला. हा ताण सौम्य असेल आणि योग्य वेळी दिला असेल, तर पिकाच्या वाढीला विशेष धक्का न लावता पानांतील हितकारक फेनॉल द्रव्ये वाढविता येतात, असे त्यातून पुढे आले. आपल्या दृष्टीने हा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे, कारण त्यात प्रमाण आणि वेळ या दोन्ही गोष्टींचा विचार आहे.

आपल्या बांधावर उगवणारी घोळ ही तर या विषयाची जिवंत शाळाच आहे. पाणी असते तोवर घोळ इतर उष्ण प्रदेशीय वनस्पतींप्रमाणे दिवसा कर्बवायू घेते. पाणी तुटले की ती आपली रीत बदलते. रात्रीच्या गारव्यात पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते. त्यामुळे ताणात वाढलेली घोळ पहाटे अधिक आंबट आणि सायंकाळी कमी आंबट लागते. एकच रोप पाण्यानुसार आपले रसायन कसे बदलते, याचे याहून सोपे उदाहरण शिक्षकांना सापडणार नाही.

ताणालाही मर्यादा आहे

एवढे वाचून कोणी पालेभाजी वाळवू लागेल, तर तो मोठा प्रमाद ठरेल. पाण्याच्या ओढीत वनस्पती जी द्रव्ये तयार करते, ती सगळीच माणसाला वा जनावराला मानवणारी नसतात. पावसाने ताण दिला असता कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किराळ लागते, हे गावोगावच्या पशुपालकांना ठाऊक आहे. त्या कोवळ्या धाटांत पाण्याअभावी हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य वाढलेले असते. पालेभाज्यांत हे विष नसते. पण ताण आणि सत्त्व यांचे नाते सरळ रेषेचे नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

पालक, चुका, माठ, घोळ या भाज्यांत मुळातच ऑक्झॅलिक आम्ल असते. ते लोह व कॅल्शियम यांना बांधून ठेवते आणि त्यांचे शोषण कमी करते. शिवाय तीव्र ताणात पानातील नायट्रेटचे प्रथिनांत रूपांतर करणारी यंत्रणा मंदावते आणि नायट्रेट साठून राहण्याचा संभव असतो. पान जून होते, तंतू वाढतो, चव बिघडते. कोथिंबीर आणि पालक अकाली फुलावर येतात व बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका वाफ्यातून भरपूर पाण्यावर १०० किलो भाजी निघाली आणि तिच्या दर शंभर ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम जीवनसत्त्व 'क' आहे. एकूण जीवनसत्त्व झाले ३० ग्रॅम. बेताच्या पाण्यावर ९० किलो भाजी निघाली आणि प्रमाण ३६ मिलिग्रॅम झाले, तर एकूण भरते ३२.४ ग्रॅम. पाणी फारच तोडल्याने भाजी ५० किलोवर आली, तर प्रमाण ४५ मिलिग्रॅमपर्यंत चढूनही एकूण होते केवळ २२.५ ग्रॅम. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु त्यातील तत्त्व खरे आहे. शंभर ग्रॅममागे किती, हा एक प्रश्न आणि एका गुंठ्यामागे किती, हा दुसरा प्रश्न. पोषणाचा विचार करताना दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. बेताच्या पाण्याने या दोहोंचा मेळ बसू शकतो. दुष्काळी ताणाने तो बसत नाही.

वाफसा: जुन्या शब्दातील शास्त्र

हा 'बेत' ओळखण्यासाठी आपल्या शेतकऱ्यापाशी एक अत्यंत अर्थपूर्ण शब्द फार पूर्वीपासून आहे, तो म्हणजे 'वाफसा'. ज्या स्थितीत जमिनीत ओलही असते आणि हवाही खेळती असते, ती वाफशाची स्थिती होय. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा आणि तो खाली टाकला असता फुटावा, ही तिची खूण. गोळा चिकट राहिला तर पाणी जास्त. गोळाच झाला नाही तर पाणी कमी.

पालेभाजीच्या बाबतीत या तत्त्वाचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल. उगवण होईपर्यंत आणि रोपे कोवळी असेपर्यंत पाण्याची हयगय करू नये. या काळातील ताण पुढे भरून निघत नाही. त्यानंतर ठरावीक दिवस मोजून पाणी देण्याऐवजी वाफसा पाहून हलके पाणी द्यावे. काढणी जवळ आली की शेवटच्या काही दिवसांत पाणी आवरते घ्यावे. भारी काळ्या जमिनीत हिवाळ्यात तीन-चार दिवस पाणी थांबविले तरी चालते; हलक्या मुरमाड जमिनीत किंवा उन्हाळ्यात एखाद्या दिवसाचाही ताण पुरे होतो. दुपारी पाने किंचित मलूल दिसावीत आणि सायंकाळी पुन्हा ताठ व्हावीत, इतपत ताण योग्य. सकाळी सूर्योदयालाच पाने मलूल दिसली, तर मर्यादा ओलांडली असे समजावे.

मोकाट पाटपाण्यावर हा बेत सांभाळणे कठीण जाते. ठिबक किंवा तुषार संचाने मोजके पाणी देता येते. त्यातही ठिबकाने पान भिजत नाही, हा एक अधिक लाभ आहे. हा लाभ लोणी काळभोरसारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाचा का ठरतो, ते आता पाहू.

पाणी किती आणि पाणी कसले

पाण्याच्या प्रमाणाबरोबर पाण्याच्या प्रतीचा विचार केल्याखेरीज या परिसराची चर्चा पुरी होत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांतून वाहत आलेल्या मुळा-मुठेचे पाणी लोणी काळभोरच्या शिवारापर्यंत येते, तेव्हा त्यात शहरी सांडपाण्याचा मोठा वाटा असतो. २०१० नंतरच्या दशकात मुंढवा येथून शहराचे प्रक्रिया केलेले पाणी जुन्या उजव्या कालव्यात, म्हणजे ज्याला या भागात बेबी कालवा म्हणतात त्यात, शेतीसाठी सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. पाण्याच्या टंचाईत सांडपाण्याचा पुनर्वापर हा योग्यच मार्ग आहे. मात्र प्रक्रिया पुरेशी झाली नसेल, तर पालेभाजीला त्याची झळ सर्वांत आधी लागते.

याची कारणे तीन आहेत. पहिले, सांडपाण्यात नत्र भरपूर असते. नत्र आणि पाणी दोन्ही विपुल मिळाले की पान लुसलुशीत व गडद होते. परंतु त्यातील जीवनसत्त्व 'क' घटते आणि नायट्रेट वाढते. बाजारात जे पान सर्वांत देखणे दिसते, ते सत्त्वाने सर्वांत सरस असेलच असे नाही, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. दुसरे, शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातू पाण्यात असतील तर पालेभाज्या ते फळभाज्यांपेक्षा अधिक प्रमाणात आपल्या पानांत साठवितात. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांनुसार एक किलो पालेभाजीत शिसे ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम याहून अधिक असू नये. तिसरे, पान जमिनीलगत असल्याने पाण्यातील रोगजंतू थेट पानावर बसतात.

यांपैकी रोगजंतूंच्या बाबतीत एक सुखद योगायोग आहे. सांडपाण्याच्या शेतीवापराविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत काढणीपूर्वी काही दिवस पाणी थांबविणे हा एक उपाय सांगितला आहे. ऊन, वारा आणि कोरडेपणा यांमुळे पानावरील जंतू दिवसागणिक मरत जातात. म्हणजे काढणीपूर्वीचे जे थोडे दिवस पानातील सत्त्व वाढविण्यास उपयोगी पडतात, तेच दिवस पान निर्मळ करण्यासही कारणी लागतात. जड धातूंवर मात्र हा उपाय चालत नाही. ते एकदा पानात गेले की धुऊन, शिजवून वा पाणी तोडून निघत नाहीत. त्यासाठी पाणी आणि माती यांची नियमित तपासणी आणि मुळातच स्वच्छ पाणी, एवढाच मार्ग आहे. विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर पालेभाजी आणि सांडपाणीमिश्रित पाण्यावर फुलशेती किंवा ऊस, अशी विभागणी ज्यांना शक्य आहे त्यांनी ती अवश्य करावी. त्याचप्रमाणे काढलेली जुडी ताजी दिसावी म्हणून ती पाटाच्या किंवा नदीच्या पाण्यात बुचकळण्याची सवय सोडली पाहिजे. चार दिवस पाळलेला संयम त्या एका बुचकळीने वाया जातो.

शेतकरी पाणी का ओततो?

शेतकऱ्याला हे कळत नाही म्हणून तो वाजवीपेक्षा अधिक पाणी देतो, असे मानणे अन्यायाचे होईल. कालव्याचे आवर्तन केव्हा येईल आणि किती दिवस टिकेल याची खात्री नसली, की आलेले पाणी पाजून घेण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. वीज रात्रीची असेल तर पंप सुरू करून झोपावे लागते. वाफसा पाहण्यास रात्री दोन वाजता कोण जाणार? त्यात बाजार पानाच्या दिसण्याला पैसे देतो, सत्त्वाला देत नाही. तेव्हा बेताच्या पाण्याचा उपदेश केवळ शेतकऱ्याला करून भागणार नाही. पाणीपुरवठ्याची निश्चिती हा या प्रश्नाचा गाभा आहे.

या दृष्टीने महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ याचा उपयोग करून घेण्यासारखा आहे. या कायद्यान्वये पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी मिळण्याची तरतूद आहे. आवर्तनाचे वेळापत्रक आधी जाहीर झाले, संस्थेने ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले आणि सभासदांनी त्यानुसार पेरणी व काढणीच्या तारखा बेतल्या, तर काढणीपूर्वीचे पाणी आवरणे शक्य होते. शेततळे अथवा विहीर असलेल्या शेतकऱ्याला हे स्वातंत्र्य अधिक मिळते. जे पाणी शिवारात येते त्याच्या तपासणीचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवण्याचा आग्रहही सदस्यांना धरता येईल.

शाळेच्या परसबागेत

२०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शालेय आहार योजनेत शाळांनी परसबाग फुलवावी, असे प्रोत्साहन दिले जाते. या परसबागेत सातवी-आठवीचे विद्यार्थी पुढील प्रयोग सहज करू शकतील.

सारख्या मापाचे तीन वाफे घ्यावेत. तिन्हींत एकाच दिवशी, सारख्याच वजनाचे मेथीचे बी पेरावे. पहिले पंधरा दिवस सर्वांना सारखे पाणी द्यावे. त्यानंतर पहिल्या वाफ्याला रोज पाणी, दुसऱ्याला वाफसा पाहून पाणी आणि तिसऱ्याला पाने मलूल झाल्यावरच पाणी द्यावे. महिन्याच्या सुमारास एकाच सकाळी काढणी करून प्रत्येक वाफ्यातील भाजीचे वजन लिहून ठेवावे. प्रत्येकीतील शंभर ग्रॅम पाने सावलीत व नंतर उन्हात कडकडीत वाळवून पुन्हा तोलावीत. शंभर ग्रॅममागे शुष्क भाग किती आणि वाफ्यामागे एकूण शुष्क भाग किती, असे दोन स्तंभ फळ्यावर मांडावेत. जीवनसत्त्वे मोजण्याची साधने शाळेत नसली, तरी 'पाणी किती आणि पान किती' हे या दोन स्तंभांतून मुलांना स्वच्छ दिसेल. शिवाय गणित, विज्ञान आणि शेती यांचा एकत्र पाठ होईल.

चुलीपर्यंतचा प्रवास

शेतात राखलेले सत्त्व पुढे वाटेतही हरवू शकते. शेतातील सौम्य ताण हितकारक असला, तरी काढणीनंतर जुडी सुकणे हितकारक नव्हे. देठापासून तुटलेले पान सुकू लागले की जीवनसत्त्व 'क' वेगाने नष्ट होते. यास्तव काढणी पहाटे करावी, जुड्या सावलीत ठेवाव्यात व स्वच्छ ओलसर गोणपाटाने झाकाव्यात. घरी भाजी आधी निवडून, वाहत्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी आणि मगच चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी सत्त्वे वाहून जातात. फोडणीच्या चमचाभर तेलाने कॅरोटिनाचे शोषण सुधारते. पालक, चुका यांसारख्या भाज्या उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी टाकल्यास ऑक्झॅलिक आम्ल कमी होते. मात्र त्याबरोबर थोडे जीवनसत्त्वही जाते. पानात लिंबाची फोड असली तर ती उणीव भरून निघते आणि लोहाच्या शोषणासही साह्य होते.

आजवर आपण पाण्याकडे उत्पादन वाढविण्याचे साधन म्हणून पाहिले आणि ते योग्यच होते. ज्या मुलखात एकेकाळी पावसाची वाट पाहत पीक करपत असे, तेथे कालव्याचे पाणी हेच मोठे वरदान होते. आता त्या पाण्याकडे अन्नाची प्रत घडविणारे साधन म्हणूनही पाहण्याची वेळ आली आहे. याकरिता नवे धरण बांधावे लागत नाही की महागडे औषध फवारावे लागत नाही. उगवणीला पुरेसे, वाढीला वाफशाचे आणि काढणीला आवरते, असे पाणी स्वच्छ स्वरूपात आणि वेळेवर मिळाले, तर जुडी कदाचित बोटभर लहान होईल. परंतु ती ज्या घरात शिजेल तेथील माउलीच्या आणि बालकाच्या पदरात अधिक सत्त्व पडेल. लोणी काळभोरच्या मळ्यातून पहाटे निघणाऱ्या टेम्पोत असे पान भरले जावे, यासाठी कालव्याचे वेळापत्रक आखणाऱ्या अधिकाऱ्यापासून परसबागेत वाफा बांधणाऱ्या शिक्षकापर्यंत प्रत्येकाला आपापल्या जागी करता येण्याजोगे काम आहे.